आकाश साफ करायचं ते बेरजेनं

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ विदर्भातल्या पुष्कळांना आठवत असेल. गुढीपाडवा होता. पावणेआठच्या सुमारास आकाशात पेटलेल्या तुकड्यांची एक लांब रांग निघाली आणि संथपणे सरकत गेली. साधी उल्का असती तर एक-दोन सेकंदांत विझली असती. ही रांग मात्र घरातल्यांना हाका मारून अंगणात बोलवायला पुरेल इतका वेळ दिसत राहिली. नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूर, शिवाय सीमेपलीकडे मध्य प्रदेशातही लोकांनी ती पाहिली. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं आणि पाठोपाठ पवनपारजवळ धातूचा एक गोळा मिळाला. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा वातावरणात परतताना जळाला असावा, असं हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सुचवलं. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही येऊन अवशेषांची पाहणी केली.

त्या दिवसांत मोबाईलवर घेतलेल्या क्लिप एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये धावत होत्या. लोकांनी त्या नवल म्हणून पाहिल्या आणि नवल ओसरल्यावर पुसून टाकल्या. विदर्भाने त्या आठवड्यात हातातला मोठा पुरावा घालवला. तो पुरावा वाचवायला लागणारं साहित्य जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून ही गोष्ट अधिक लागते.

आकाशातून गेलेली वस्तू किती उंचीवर होती, कुठून आली, किती वेगानं गेली, हे चित्रणावरून काढायचं तर तिच्या मागचे तारे दिसायला हवेत. ताऱ्यांच्या जागा पक्क्या ठाऊक असतात, त्यामुळे त्यांच्या आधारानं प्रत्येक चौकटीवर मोजपट्टी लावता येते. दुसरी गरज असते ती वेगळ्या गावाहून घेतलेल्या आणखी एका चित्रणाची. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर आणि काटोल यांच्यात सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर आहे. नव्वद किलोमीटर उंचीवर, साधारण डोक्यावर पेटलेली उल्का या दोन गावांतून पाहिली तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तिची जागा वीसेक अंशांनी वेगळी दिसेल. एवढा फरक साध्या मोबाईललाही कळतो. अडचण एकच येते. क्लिपमध्ये झगझगीत रेघ दिसते, पण तिच्यामागे तारे नसतात, नुसती खरखर असते.

काटोलचं नाव इथे उगाच आलेलं नाही. २२ मे २०१२ रोजी, भर उन्हात दुपारी दोनच्या सुमारास, काटोल परिसरात मोठा आवाज होऊन आकाशातून दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातल्या शास्त्रज्ञांनी तुकडे गोळा केले. ‘काटोल’ हे नाव आज जगाच्या अशनींच्या नोंदवहीत आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्याच दगडात ब्रिजमनाईट हे खनिज अभ्यासलं आणि २०२१मध्ये त्यावरचा निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारं हे खनिज आपल्या हाती क्वचितच लागतं, म्हणून काटोलच्या दगडाचं मोल मोठं. पण तो दगड सूर्यमालेच्या कुठल्या भागातून आला, त्याची कक्षा कशी होती, हे सांगता येत नाही, कारण त्याच्या वाटेचं मोजण्याजोगं चित्रण झालं नाही.

नऊ महिन्यांनी, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातल्या चेल्याबिन्स्कवर त्याहून कितीतरी मोठा दगड फुटला. तिथे गाड्यांमध्ये डॅशकॅम होते, रस्त्यांवर सुरक्षा कॅमेरे होते. शास्त्रज्ञांनी त्या चित्रणांच्या जागा शोधल्या, त्याच ठिकाणांहून रात्रीचे ताऱ्यांचे फोटो मिळवून मोजपट्टी लावली आणि दगडाची सूर्याभोवतीची कक्षा काढली. हे सारं सामान्य माणसांनी, वेगळ्याच कामासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे जमलं.

मोठ्या दुर्बिणी असताना मोबाईलची काय मातब्बरी, असं कुणी विचारेल. मोठी दुर्बीण आकाशाचा नखाएवढा तुकडा पाहते. आगीचा लोळ कुठून येईल ते सांगून येत नाही. त्यासाठी पुष्कळ गावांतले पुष्कळ डोळे लागतात आणि ते आज प्रत्येक खिशात आहेत.

आता खरखरीकडे वळू. रात्री मोबाईलवर आकाशाचं चित्रण केलं की काळ्याऐवजी तपकिरी-करडा पडदा दिसतो आणि त्यावर बारीक ठिपके वळवळत राहतात. जुन्या टीव्हीवर अँटेना हलला की यायच्या तशा मुंग्या. लग्नाचं शूटिंग करणारे याला ग्रेन म्हणतात, नॉईज म्हणतात. याचं मूळ कॅमेऱ्याच्या दोषात फारसं नाही. प्रकाश कणाकणानं येतो आणि ते कण मोजून-मापून येत नाहीत. एका बिंदूवर सरासरी शंभर कण पडत असतील तर कधी नव्वद पडतात, कधी एकशे दहा. उजेड कमी तितका हा चढउतार प्रमाणानं मोठा. त्यात सेन्सरवरून आकडा वाचताना थोडी भर पडते. उष्णतेमुळे सेन्सरमध्ये आपोआप निर्माण होणारा विद्युतभार आणखी भर घालतो, आणि तापमान सहा ते आठ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. मे महिन्यातल्या सावनेरच्या रात्रीपेक्षा डिसेंबरची रात्र पंधरा-वीस अंशांनी थंड असते. त्याच मोबाईलनं हिवाळ्यात घेतलेलं चित्रण मुळातच अधिक स्वच्छ येतं ते यामुळे.

या खरखरीचा एक चांगला गुण आहे. ती दर चौकटीत बदलते. तारा मात्र आपल्या जागी राहतो.

सगळी युक्ती या एका फरकावर उभी आहे. समजा, एका चौकटीत आकाशाचा आकडा वीस आहे आणि खरखरीमुळे तो आठनं वरखाली होतो. एका मंद ताऱ्यामुळे तिथे पंचवीस व्हायला हवेत. आठच्या चढउतारात पाचची वाढ कुणाला दिसणार? पण अशा २५६ चौकटींची सरासरी काढली तर चढउतार २५६च्या वर्गमुळानं, म्हणजे सोळा पटीनं, कमी होऊन अर्ध्यावर येतो. ताऱ्याचे पाच पाचच राहतात. जो तारा डोळ्यांना दिसत नव्हता, तो आता खरखरीच्या दहापट उंच उभा असतो.

इतक्या वेळात तारे सरकत नाहीत का? सरकतात. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. पण मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याची दृष्टी रुंद असते. नेहमीच्या १०८० रेषांच्या व्हिडिओत तारा एक बिंदू ओलांडायला साधारण नऊ सेकंद घेतो. सेकंदाला तीस चौकटी धरल्या तर त्या वेळात अडीचशेहून अधिक चौकटी जमतात. त्याहून लांब चित्रण असेल तर सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या जागा जुळवून चौकटी एकमेकींवर ठेवतं. मोबाईल स्वतःच चित्र दाबून लहान करतो आणि थोडं गुळगुळीतही करतो, म्हणून पूर्ण सोळा पटींचा फायदा पदरात पडत नाही. जेवढा पडतो तेवढाही आश्चर्य वाटावं इतका असतो.

आणि सॉफ्टवेअर? एफएफएमपेग हा सन २०००मध्ये फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला मुक्त प्रकल्प व्हिडिओच्या सुट्या चौकटी काढून देतो. त्यात वेळेच्या दिशेनं सरासरी काढणारे आणि ग्रेन कमी करणारे फिल्टरही आहेत. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, एवढाच त्याचा धाक. सुट्या चौकटी जुळवून बेरीज करायला सिरिल, डीपस्कायस्टॅकर आणि सिक्वेटर आहेत. तिन्ही मोफत. सिक्वेटरमध्ये खालची झाडं-घरं स्थिर ठेवून फक्त आकाश जुळवता येतं, त्यामुळे नवशिक्याचा हात तिथे लवकर बसतो. चंद्र किंवा ग्रहांच्या व्हिडिओसाठी रेजिस्टॅक्स आणि ऑटोस्टॅकर्ट ही हौशी निरीक्षकांची जुनी हत्यारं, तीही फुकट. पैसे मोजायची तयारी असेल तर नीट व्हिडिओ आहे. डाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्ती उत्तम असली तरी तिचं नॉईज रिडक्शन सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुठल्याही स्टुडिओत यातलं काहीतरी आधीच बसवलेलं असतं. हळदीच्या रात्रीचं शूटिंग साफ करणाऱ्या या मंडळींचा हात या कामात महाविद्यालयातल्या प्राध्यापकांपेक्षाही सराईत असतो. विज्ञानाच्या कामात त्यांना कुणी बोलावत नाही. बोलवायला हवं.

मोफत अवजारं मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, कारण इथे चुकीच्या वाटा बऱ्याच आहेत. पहिली चूक एकेक चौकट सुटी गुळगुळीत करण्याची. ग्रेनचा ठिपका आणि मंद तारा एका चौकटीत सारखेच दिसतात. सॉफ्टवेअर दोघांनाही पुसतं आणि मखमली काळं आकाश हातात देतं. ते दिसायला सुरेख आणि मोजायला निकामी असतं. म्हणून सरासरी घ्यायची ती आधीच्या-नंतरच्या चौकटींशी, शेजारच्या बिंदूंशी नाही. दुसरी चूक सरासरी साध्या आठ बिटच्या फोटोत साठवण्याची. एवढ्या कष्टानं मिळवलेला अर्ध्या आकड्याचा बारकावा तिथे पूर्णांकात गडप होतो. सोळा बिटची टिफ फाइल करावी. तिसरी गोष्ट म्हणजे भिंग झाकून घेतलेलं मिनिटभराचं काळं चित्रण. सेन्सरवर काही बिंदू कायमचे तापलेले असतात, ते प्रत्येक चौकटीत त्याच जागी चमकतात आणि सरासरीनं जात नाहीत, उलट ताऱ्यासारखे ठसठशीत होतात. झाकलेल्या भिंगाचं चित्रण वजा केलं की ते निघून जातात.

उल्केच्या बाबतीत तर सरासरीच घात करते. उल्का दहा-वीस चौकटींत येऊन जाते. २५६ चौकटींत तिचा उजेड वाटला गेला की ती पुसट होते, मंद असेल तर नाहीशीच होते. म्हणून जाणकार एकाच चित्रणातून दोन चित्रं काढतात. ताऱ्यांसाठी सरासरीचं चित्र, आणि उल्केसाठी असं चित्र ज्यात प्रत्येक बिंदूचा सर्वांत तेजस्वी क्षण ठेवलेला असतो. कॅनडातल्या डेनिस विडा यांनी उभं केलेलं ग्लोबल मिटिऑर नेटवर्क नेमकं याच धर्तीवर चालतं. सीसीटीव्हीत वापरतात तसला स्वस्त सेन्सर, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर. त्यांची यंत्रणाही २५६ चौकटींचे गठ्ठे करते आणि प्रत्येक गठ्ठ्यातून सर्वाधिक तेजाचं, ते तेज कोणत्या चौकटीत आलं त्याचं, सरासरीचं आणि चढउताराचं अशी चार चित्रं ठेवते. सारा व्हिडिओ साठवावा लागत नाही आणि मोजमाप मात्र हाती राहतं. जगातल्या कितीतरी देशांत हौशी लोकांनी घराच्या छतावर असे कॅमेरे लावले आहेत.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे. चित्र ‘सुधारणारी’ नवी सॉफ्टवेअरं बेरीज करत नाहीत, अंदाज करतात. लाखो चित्रं पाहून तयार झालेला प्रोग्रॅम इथे काय असायला हवं ते ठरवून भरून टाकतो. मार्च २०२३मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचा मुद्दाम अंधुक केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या महागड्या मोबाईलनं टिपला, तेव्हा पडद्यावर नसलेले बारकावे फोटोत उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील ठळक करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता फोनमध्ये आहे, असा खुलासा कंपनीनेही केला. घरी भिंतीवर लावायच्या फोटोत हे चालेलही. पण उद्या सावनेरवरून पुन्हा एखादा जळता तुकडा गेला आणि अशा सॉफ्टवेअरनं त्याच्या मागे दोन तारे आपल्या मनानं मांडले, तर त्या मोजमापावरून काढलेली पडण्याची जागा भलतीच निघेल. शोधणारी माणसं भलत्याच शिवारात फिरतील. पुराव्याच्या कामात अंदाज भरणारं साधन वापरूच नये, यावर तडजोड नको.

व्हॉट्सअॅपनेही असंच नुकसान होतं. तिथून पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. खरखर दर चौकटीत बदलत असल्यानं ती दाबायला अवघड जाते, मग आकडेमोडीचा सगळा वाटा तीच खाते आणि मंद तारे आधी बळी जातात. चित्रणाची नेमकी वेळ, जागा, मोबाईलचं मॉडेल ही माहितीही वाटेत गळते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर यातलं काही होत नाही. इतकी साधी गोष्ट, पण २०२२च्या क्लिपच्या बाबतीत ती सांगायला कुणी नव्हतं.

सावनेरचा विचार वेगळा करायला हवा, कारण या गावाची जागाच तशी आहे. आग्नेयेला नागपूर, कोराडी आणि तालुक्यातच असलेलं खापरखेड्याचं १,३४० मेगावॅटचं वीजकेंद्र. त्या बाजूचं क्षितिज रात्रभर उजळलेलं असतं. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि मध्य प्रदेशाची हद्द, ईशान्येला पेंचचं जंगल. जानेवारी २०२४मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेनं पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं आणि आशियातलं पाचवं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी सिल्लारी परिसरातल्या चार गावांत शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. उजेडानं झाकोळलेलं आकाश आणि राखलेलं आकाश, दोन्ही एका तालुक्याच्या दोन हातांना आहेत.

हे मुद्दाम सांगायचं कारण, सॉफ्टवेअर इथे हात टेकतं. दिव्यांचा उजेड आकाशात पसरला की त्याची पातळी वजा करता येते, पण त्या उजेडासोबत आलेला कणांचा चढउतार वजा होत नाही. पार्श्वभूमी दुप्पट उजळ झाली तर तोच तारा तितक्याच स्पष्टपणे मिळवायला दुप्पट चौकटी लागतात. नगरपालिकेनं चौकात लावलेला, वरच्या बाजूनं उघडा हायमास्ट दिवा गावातल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं काम वाढवतो. टोपी घातलेला, उजेड खाली टाकणारा दिवा रस्ता तितकाच उजळतो आणि वर जाणारी वीज वाचवतो. पेंचलगतच्या खेड्यांना जे जमलं, ते सावनेर नगरपालिकेला जमायला हरकत नाही.

शिकवायचं कुणी? नागपुरात रमण विज्ञान केंद्र आणि तारांगण आहे. चंद्रपुरात प्रा. सुरेश चोपणे यांचा स्काय वॉच ग्रुप वर्षानुवर्षं आकाशाचं काम करतो. सावनेर, काटोल, कळमेश्वर इथल्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राचे विभाग आणि संगणकाच्या प्रयोगशाळा आहेत. वर्गमुळाचा नियम अभ्यासक्रमात असतो, तो फळ्यावर संपतो. गच्चीवर घेतलेल्या आठ-नऊ सेकंदांच्या चित्रणातून न दिसणारा तारा बाहेर काढून दाखवला, तर तोच नियम विद्यार्थ्याच्या हातात येतो. या प्रात्यक्षिकाला नवी खरेदी लागत नाही, अनुदान लागत नाही. परीक्षा विभागानं एक प्रयोग म्हणून त्याला जागा द्यावी, एवढंच.

मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर असतो. वर्षातल्या सर्वांत भरघोस वर्षावांपैकी तो एक. हवा थंड, पाऊस नाही आणि वर्षावाचा उगमबिंदू संध्याकाळी ईशान्येलाच, पेंचच्या बाजूला उगवतो. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री सावनेर आणि काटोल या दोन गावांतल्या महाविद्यालयांनी ठरवून एकाच वेळी मोबाईल लावावेत. मोबाईल तिपाईवर किंवा कठड्यावर घट्ट टेकवलेला, फोकस अनंतावर बांधलेला, स्थिरीकरण आणि ‘सुधारणा’ करणारे सगळे पर्याय बंद, घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय चालू. मोठी उल्का दिसली तरी मोबाईल हलवू नये, ती गेल्यावर आणखी एक मिनिट चित्रण चालू ठेवावं, म्हणजे ताऱ्यांची बेरीज करायला चौकटी मिळतात. शेवटी भिंग झाकून मिनिटभर काळं चित्रण घ्यावं. आणि साफ केलेली प्रत कितीही सुंदर निघाली तरी मूळ फाइली पुसू नयेत. त्या तारीख, वेळ आणि जागेच्या नोंदीसह महाविद्यालयाच्या संगणकावर जपून ठेवाव्यात.